पत्र कोणाचे, वाचक कोण? : ‘पामेला’च्या अभ्यासाविषयी एक मत

सॅम्युएल रिचर्डसन या लंडनच्या मुद्रकाची ‘पामेला’ ही पत्रात्मक कादंबरी नोव्हेंबर १७४० मध्ये प्रसिद्ध झाली. ‘सद्गुणाचे पारितोषिक’ अशा अर्थाचे उपशीर्षक लेखकानेच तिला दिले आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या उत्तरांत तिचा सारांश बहुधा ठरलेला असतो : पंधरा वर्षांची दासी धन्याच्या अत्याचारापुढे आपले शील राखते, धनी बदलतो, तिच्याशी विवाह करतो आणि सद्गुणाचा जय होतो. माझ्या मते हे उपशीर्षक कादंबरीचा निष्कर्ष नव्हे. ते तपासून पाहावयाचे विधान आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ज्या इंग्रजी शब्दात पुरुषाच्या संदर्भात शौर्य, न्यायबुद्धी आणि औदार्य सामावते, तोच शब्द स्त्रीला लावताच बव्हंशी तिच्या देहाच्या पावित्र्यापुरता उरतो. मराठीत ‘शीलवान’ आणि ‘शीलवती’ या दोन शब्दांच्या अर्थच्छटा ताडून पाहिल्यास हा संकोच आपल्यालाही अपरिचित नाही, हे ध्यानात येईल. पामेलाचे गुण मात्र एवढ्या अरुंद अर्थात मावत नाहीत. धनी मिस्टर बी. तिला रखेल होण्याच्या मोबदल्यात पैसा व मालमत्ता देऊ करतो आणि तशी कलमे लिहून पाठवतो. ती त्यांतील एकेक कलमाला लेखी उत्तर देते. येथे केवळ शील नाही. स्वाभिमान आहे, तर्क आहे आणि लेखणीवरील हुकमत आहे.

या कादंबरीचा खरा संघर्ष लेखणीभोवतीच घडतो. निवर्तलेल्या मालकिणीने पामेलाला लिहिण्यावाचण्याचे शिक्षण दिलेले असते. पहिल्याच पत्राच्या ताजा कलमात धनी तिचे पत्र वाचतो आणि तिच्या अक्षराची प्रशंसा करतो. पुढे तिची पत्रे पोहोचविणारा नोकर ती गुप्तपणे धन्याला दाखवतो. लिंकनशायरच्या वाड्यात ती कैद होते, तेव्हा पत्रांची रोजनिशी होते; कागद ती आपल्या वस्त्रांत शिवून ठेवते. धनी तेही मागतो. शरीरावर हक्क सांगणारा माणूस शब्दांवरही हक्क सांगतो, हे वर्गसत्तेचे सूक्ष्म रूप आहे. परंतु त्या शब्दांनीच तो विरघळतो. दासीलाही स्वतंत्र अंतःकरण आहे, हे त्याला तिचे लेखन वाचूनच उमगते. ‘पामेला’चे महत्त्व मला येथे दिसते.

हेन्री फील्डिंगने १७४१ मध्ये ‘शामेला’ हे विडंबन लिहून नायिकेला धूर्त ठरविले. तेव्हापासून पामेला प्रामाणिक की कावेबाज, हा वाद चालत आला आहे. हा प्रश्न मला अपुरा वाटतो, कारण त्यात पुन्हा परीक्षा दासीचीच होते. तिला पळवून नेऊन कोंडणाऱ्या आणि तिच्यावर बळजबरीचा प्रयत्न करणाऱ्या धन्याला सद्गुणाची कोणती कसोटी लावली गेली? ज्याने छळ केला, तोच पती म्हणून लाभणे हे पारितोषिक कसे?

उत्तराचा एक धागा भाषेत सापडतो. विवाहानंतरही पामेला पतीचा उल्लेख ‘धनी’ असाच करत राहते. नाते बदलले, संबोधन बदलले नाही. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडेही नवऱ्याला ‘मालक’ म्हणण्याची रीत आहे. विवाहाने पामेलाचा दर्जा वाढतो, पण दर्जांची उतरंड तशीच राहते. ती उतरंड पार करणारी एकच नायिका अपवाद म्हणून गौरविली जाते; मागे राहिलेल्या दासींना कादंबरी काय देते, याचाही विचार अभ्यासकाने केला पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांनी पत्रात्मकता हे केवळ निवेदनतंत्र म्हणून नोंदवून पुढे जाऊ नये. वामन मल्हार जोशी यांची ‘इंदु काळे व सरला भोळे’ वाचतानाही हेच प्रश्न उपयोगी पडतील : पत्र कोण लिहिते, कोणासाठी लिहिते आणि प्रत्यक्षात ते कोणाच्या हाती पडते? ‘सद्गुणाचा विजय झाला’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिण्यापूर्वी तो सद्गुण कोणी ठरविला आणि त्याचे मोल कोणी चुकविले, एवढे तरी स्वतःला विचारावे.