तार तुटली तेव्हा...

सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी ठरलेला प्रश्न येतोच, 'काय मग, वीकेण्डला काय केलंस?' कुणी लोणावळा सांगतं, कुणी मॉल, कुणी नुसतीच झोप. यंदाच्या पावसाळ्यात मी सलग आठ सोमवार एकच उत्तर दिलं, 'तारा बदलल्या.' ऐकणाऱ्याला वाटायचं, घरी वायरिंगचं काम काढलंय बहुतेक!

वायरिंग नाही हो, बोट. आणि बोट म्हटल्यावर लगेच शॅम्पेन, गॉगल वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. आमची आहे एण्टरप्राइज जातीची डिंगी. लांबी 13 फूट 3 इंच, दोन माणसं बसली की हाउसफुल्ल. इंजिन नाही, छप्पर नाही, आहे ती फक्त शिडं. जॅक हॉल्ट या इंग्रज डिझायनरची ही बोट 1956मध्ये 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्राने लोकांसमोर आणली, आणि तिचा गाजावाजा व्हावा म्हणून दोन बोटींनी रात्रीच्या अंधारात इंग्लिश खाडी पार केली होती. निळी शिडं ही तिची ओळख. आमची बोट माझ्याहून वयाने मोठी आहे. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, आम्ही अर्धे-अर्धे पैसे काढून सेकण्डहॅण्ड बाइकच्या भावात ती घेतली. आठवडाभर एक्सेल शीट, रविवारी कुलाब्याचा वारा. लाइफ एकदम सेट!

आता थोडं टेक्निकल, पण सोपं करून सांगते. बोटीवर काही दोऱ्या आपण सतत ओढतो-सोडतो. काही तारा मात्र एकदा ताणून बसवल्या की तिथेच राहतात आणि डोलकाठीला उभं धरतात. त्यांना म्हणतात स्टॅण्डिंग रिगिंग. आमच्या बोटीवर अशा तीन तारा. डावीकडे एक, उजवीकडे एक, या दोन श्राउड. पुढे नाकाकडे जाते ती फॉरस्टे. जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार, एकोणीस बारीक तारांचा पीळ. चांगल्या स्थितीतली अशी तार अर्ध्या टनाहून जास्त ओझं पेलते. त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. घरातल्या काही माणसांसारखंच झालं हे!

माझा मित्र बघायचा. डिसेंबरमध्ये तो पहिल्यांदा म्हणाला, 'अगं, डाव्या श्राउडला खाली तांबूस डाग पडलाय, बघ ना एकदा.' मी म्हटलं, 'स्टेनलेस आहे रे, पुसला की जाईल.' जानेवारीत तो पुन्हा म्हणाला. पैशांचा हिशेब माझ्याकडे, आणि मी नुकताच नवा फोन घेतला होता. 'पुढच्या पगाराला बघू,' मी म्हटलं. फेब्रुवारीत तो काही बोलला नाही.

मार्चमधला रविवार. वारा अगदी मंद होता, म्हणून तोल साधायला तो वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, शिडाखाली बसला होता. गेटवेची एक लाँच जवळून गेली. तिच्या लाटेने बोट एकदम झोकांडली, डावी तार ताडकन ताणली गेली आणि टण्ण! अॅल्युमिनियमची काठी डेकपाशी मुडपली, शिडासकट आडवी झाली आणि बूम त्याच्या खांद्यावर आला. कॉलरबोन मोडलं. डोकं वीतभर अंतराने वाचलं.

सहा आठवडे हात गळ्यात. त्याच्या आईला फोन केला तेव्हा काकू नीट बोलल्या, सगळं सांगितलं. फक्त नेहमीसारखं 'बाळा' म्हणाल्या नाहीत. तो स्वतः एवढंच म्हणाला, 'होतं गं असं.' आणि नंतर मेसेज कमी-कमी होत गेले.

जूनमध्ये बोट पाण्याबाहेर काढली. तुटलेल्या तारेचं टोक घेऊन मी भिंगाखाली बघत बसले. एकोणीसपैकी अकरा तारांची तोंडं तपकिरी होती, आठांची चकचकीत. म्हणजे त्या रविवारी फक्त आठच तुटल्या होत्या. बाकीच्या अकरा आधीच कधीतरी गेल्या होत्या. माझा नवा फोन शेजारीच पडला होता. त्या आठ तारांच्या जोरावर मी किती रविवार त्याला त्या बोटीत बसवलं, हा हिशेब मला आजही नीट मांडता येत नाही.

मग मी अभ्यासाला लागले. स्टेनलेस म्हणजे 'न गंजणारं' हा आपला गोड गैरसमज. या पोलादातल्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वर एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो थर म्हणजे चिलखत. पण जिथे हवा पोचत नाही आणि खारं पाणी साचतं, तिथे हे चिलखत गळून पडतं आणि पुन्हा तयार होत नाही. खारं पाणी तारेवरून ओघळून कुठे जमणार? खालच्या टोकाला, जोडाच्या आत. आधीच्या मालकाने त्या जोडावर टेपचे वेढे घातले होते, प्रेमाने! आम्हीही ते तसेच ठेवले. गंज नेमका त्या टेपखाली होता.

पहिला शनिवार नागदेवी स्ट्रीट. दुकानदाराने तारेला लोहचुंबक लावून दाखवलं, 'बघा मॅडम, चिकटत नाही, ओरिजिनल!' आधी मी लगेच पैसे काढले असते. पण लोहचुंबकाने 304 आणि 316 या ग्रेडमधला फरक कळत नाही. 316मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे जास्त टिकतं. तेव्हा ग्रेडचं सर्टिफिकेट असलेली तारच घेतली. तारेचं टोक वळवून फास करायचा तर तो पक्का दाबायला धातूची नळी लागते. ती अॅल्युमिनियमची स्वस्त मिळत होती, पण स्टेनलेस, अॅल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून तांब्याची घेतली.

क्लबातले बोटमन काका गेली कित्येक वर्षं हेच काम करतात. मला म्हणाले, 'ताई, एक तुटली म्हणून एकच बदलू नका. तिन्ही एकाच दिवशी बसवल्या होत्या ना?' पटलं. तिन्ही तारा नव्या. मोडीत काढलेल्या एका बोटीची काठी मिळाली. जुनी तार जमिनीवर पसरून मोजली तर चुकते, कारण तिला वळण पडलेलं असतं. काकांनी ती खिळ्याला टांगून खाली वजन लावलं आणि भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत माप घ्यायला लावलं. माझा पहिला श्राउड चार मिलिमीटर आखूड झाला. टाकून दिला, पुन्हा केला. तारा जिथे बोटीच्या अंगाला जोडतात त्या पट्ट्यांचे बोल्टही काकांनी उपसायला लावले. एकाचं डोकं आरशासारखं, पण लाकडातली कंबर झिजून निम्मी झालेली. बाहेरून सगळं मस्त, आतून... असो. ऑफिसात अशी माणसं तुम्हीही पाहिली असतीलच.

दर रविवारी मी मित्राला फोटो पाठवत होते. उत्तरात एक अंगठा यायचा. ऑगस्टमध्ये मी फोटो न पाठवता लिहिलं, 'अकरा आधीच तुटलेल्या होत्या. तू तीन महिने सांगत होतास. चूक माझी.' दोन दिवस काहीच नाही. मग उत्तर आलं, 'फॉरस्टेपण बदलली का?'

दसऱ्याला काकांनी बोटीला झेंडूची माळ घातली होती. मित्र आला. माझ्याशी फार बोलला नाही. खिशातून कापसाचा बोळा काढला आणि एकेका तारेवरून सावकाश फिरवत गेला. तार आतून तुटायला लागली की बारीक टोकं वर येतात, कापसाचे धागे त्यात अडकतात. (बोट फिरवून बघू नका, रक्त निघतं!) तिन्ही तारा झाल्या, कापूस स्वच्छ. मग त्याने काठीच्या शेंड्यापर्यंत टेप चढवला आणि दोन्ही काठांपर्यंतची अंतरं मोजली. सारखी. मग प्रत्येक खिळ हलवून बघितली. उजवीकडच्या एका खिळीत स्प्लिट पिन घालायची राहिली होती. एवढ्या आठ वीकेण्डनंतरही!

मी काही बोलायच्या आत त्याने हात पुढे केला, 'पिन दे.' स्वतः घातली, दोन्ही टोकं वळवली. टेप गुंडाळला नाही.

तुमच्याकडे बोट नसेल, मान्य. पण तांबूस डाग दाखवणारं कुणीतरी असेलच. ते माणूस तिसऱ्या महिन्यात गप्प झालं, तर त्याचं समाधान झालंय असं समजू नका.

आम्ही बोट पाण्यात ढकलली. वारा मंद होता, मार्चसारखाच. मी सवयीने सुकाणूकडे वळले तर तो आधीच तिथे बसलेला.

'आज तू शिडाखाली बस,' तो म्हणाला.

बसले. आणि पहिली लाँच जवळून गेली तेव्हा आम्ही दोघांनीही एकाच वेळी डाव्या तारेकडे पाहिलं.