मंडळीबाहेरच्यांचा ख्रिस्त

भुसावळ, यावल, रावेर आणि जळगाव इथल्या ख्रिस्ती बंधुभगिनींना जाहीर पत्रक



प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचे ताट बाकाबाकांवरून फिरते. आपल्याच भागातल्या एका मंडळीत ते एका बाईंच्या डोक्यावरून पलीकडे गेले. बाईंनी हात पुढे केलेला होता. त्यांचा गुन्हा काय, तर मुलीने बौद्ध मुलाशी रजिस्टर लग्न केले आणि आईने तिला घरात घेतले. कमिटीने नाव कापले. याच बाईंनी इतकी वर्षे चर्च झाडले, नाताळच्या करंज्या तळल्या. तेव्हा त्या सगळ्यांना चालत होत्या.

ही शिस्त कुठल्या शास्त्रातली? योहानाचा नववा अध्याय काढा. जन्मांधाला दृष्टी आली, तर धर्मपंचांनी त्याचीच उलटतपासणी घेतली. सभास्थानातून काढतील या धास्तीने आईबाप म्हणाले, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. शेवटी त्याला हाकलले. हे येशूच्या कानावर गेले आणि तो त्याला शोधून भेटला. माफी मागून आत जा, असे काही त्याने सांगितले नाही. इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायातही हेच आहे: येशूने वेशीबाहेर सोसले, आपणही त्याच्याकडे बाहेर जाऊ. वेशीबाहेर कोण राहायचे, हे खानदेशात कुणाला शिकवायला नको. आपल्यातल्या पुष्कळांचे आजे-पणजे तिथूनच चर्चमध्ये आले.

आपल्या महाराष्ट्रातल्या अरविंद निर्मळांनी १९८१ साली बंगळुरूला धर्मविज्ञानाच्या पंडितांना हेच सुनावले. भारतातले बहुसंख्य ख्रिस्ती दलित, आणि धर्मविज्ञानाच्या पुस्तकांत मात्र वेदान्ताशी संवाद! दलित धर्मविज्ञानाची सुरुवात तिथून झाली. निर्मळांच्या लेखी ख्रिस्त स्वतःच दलित आहे. आपल्या व्यासपीठांवरून हे नाव कधी ऐकले?

आता दुखरी गोष्ट. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. आपण अजून बाहेरच आहोत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली धर्माची अट काढा म्हटले, तरी अट जागच्या जागी आहे. मोर्चात आपण ओरडतो की धर्म बदलला तरी जात सुटत नाही. खरे आहे. पण चर्चच्या मीटिंगमध्ये कुणी जातीचा विषय काढला, की तेच पुढारी म्हणतात, ख्रिस्तात जात कसली? आणि सोयरिकीची बोलणी निघाली, की मूळ गाव आणि आडनाव विचारतात. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने निदान २०१६ साली आपल्या चर्चमध्ये जातिभेद आहे, हे लिहून कबूल केले. आपल्या कमिट्यांना तेवढेही जमलेले नाही. बाबासाहेबांनी १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती समाजाला जे कडू बोल ऐकवले, ते अजून शिळे झालेले नाहीत.

जातीमुळे डावललेल्यांबरोबर बाहेर ठेवलेले घटस्फोटित आहेत, तृतीयपंथी आहेत. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्पाने हबशी षंढाला वाटेवरच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला, तेव्हा पास्टरेट कमिटीचा ठराव घेतला नव्हता!

आम्हाला आत घ्या, अशी ही विनवणी समजू नका. आम्ही ख्रिस्ताजवळ आहोत की नाही, हे तुमच्या रजिस्टरावरून ठरत नाही. आमचे म्हणणे इतकेच की ज्याला तुम्ही काढले त्याच्याकडे येशू गेला, आणि तुम्ही गेला नाहीत.

म्हणून प्रत्येक सभासदाने येत्या वार्षिक सभेत उभे राहावे आणि मागणी करावी: यादीतून कापलेली नावे मोठ्याने वाचा, प्रत्येकाचे कारण लेखी द्या. तोंडी उत्तरावर खाली बसू नका.

— बाहेर बसवलेले सभासद, भुसावळ