मुंबईचा पाऊस आणि निलंग्याची उधारी

जूनचा दुसरा आठवडा लागला की आपल्या भागातील कपड्याच्या बाजारात एक ठरलेली गोष्ट घडते. मुंबईत पाऊस लागल्याची बातमी येते आणि दुकानदार लगेच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे ऑर्डर लावतो. मोसम आला, आता पेरण्या होणार, मग उधारीवर का होईना माल उठणार, असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब धोक्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या पावसावर निलंग्याचा माल भरू नये.

फार जुना दाखला नको. 19 जून 2015 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 283 मिलिमीटर पाऊस झाला. लोकल गाड्या बंद पडल्या, शहर थांबले. त्याच मोसमात मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे 40 टक्के पाऊस कमी झाला. पुढच्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन. ज्यांनी जूनची बातमी वाचून गोदाम भरले होते, त्यांचे पैसे कपाटात घडी घालून पडले.

असे का होते, हे समजून घेणे आपल्या धंद्यासाठी गरजेचे आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग पाण्याने भरलेले असतात. सह्याद्रीची भिंत त्यांना वर ढकलते, वर गेल्यावर ते थंड होतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून कोकणात मोसमात अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर जातो आणि पूर्वेला माणदेशात पोहोचेपर्यंत तो 500 च्या आसपास उरतो. आपला मराठवाडाही याच पर्जन्यछायेत येतो. आपल्या वाट्याला मोसमात साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर येतात.

आपल्या पावसाचा मोठा हिस्सा दुसऱ्याच दारातून येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ किंवा तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकतो. तो दक्षिणेकडून आला तर नांदेड, लातूर, निलंगा भिजतात. उत्तरेकडून मध्य प्रदेशात गेला तर आपण कोरडे राहतो. म्हणून निलंग्याच्या दुकानदाराने नजर ठेवायचीच असेल तर हैदराबाद-निजामाबादच्या बाजूला ठेवावी. बऱ्याच वर्षी आपला खरा पाऊस सप्टेंबरमध्ये येतो, तेव्हा मुंबईकर छत्री गुंडाळण्याच्या तयारीत असतो.

मोसम हा शब्दच मुळी व्यापाऱ्यांचा आहे. अरबीतील ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. त्यावरूनच युरोपियनांनी ‘मान्सून’ केला. अरब आणि इराणी खलाशी याच वाऱ्यांचा हिशेब करून चौल आणि दाभोळ या बंदरांत माल उतरवत. वारा कधी फिरतो, समुद्र कधी बंद होतो आणि कधी उघडतो, हे ज्याला पाठ, त्याचेच जहाज सलामत. इराणातील गिलानचा व्यापारी महमूद गावान 1453 साली दाभोळला उतरला आणि घाट चढून बीदरला आला, आपल्या निलंग्याच्या अगदी शेजारी. पुढे तो बहामनी राज्याचा वजीर झाला, पण आला तो व्यापारी म्हणून, वाऱ्याची वेळ साधून. त्या लोकांजवळ ना रेडिओ होता ना मोबाईल. आपल्या खिशात सर्व काही आहे, तरी आपण अंदाजपंचे माल भरतो.

किनाऱ्याच्या हवेचा संबंध केवळ पावसाशी नाही, थेट कपड्याशी आहे. कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि पुढे तिथे गिरण्यांची रांग लागली. बंदर, भांडवल ही कारणे होतीच, पण दमट हवाही कामाला आली. दमट हवेत सूत कमी तुटते. तीच दमट हवा व्यापाऱ्याला मात्र नुकसान करते. सुती धागा हवेतील ओल पितो. सुतासाठी साडेआठ टक्के ओल प्रमाण मानली जाते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही पीत नाही. जुलैत भिवंडीहून निघालेली सुती मालाची गाठ ओल धरूनच येते. ती तशीच बांधलेली ठेवली तर महिन्याभरात घडीवर काळे ठिपके पडतात, आणि असा तागा कोणी निम्म्या भावातही घेत नाही. पावसाळ्यात आलेली गाठ त्याच दिवशी सोडावी, तागे मोकळे करावेत, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवावेत. आपल्या पिंजारी, रंगारी आणि शिंपी बांधवांना हे सांगण्याची गरज नाही. दमट कापूस पिंजला की त्याची गादी लवकर दबते, हे त्यांचा हातच सांगतो.

आता ईदच्या बाजाराकडे पाहू. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते आणि साधारण 33 वर्षांत सर्व ऋतू फिरून येते. 2016 साली ईदुल फित्र 7 जुलैला होती, ऐन पेरणीच्या चिंतेत. 2025 साली ती 31 मार्चला आली, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर. पुढच्या काही वर्षांत ती हिवाळ्यात शिरेल; 2030 साली जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर, असा एकाच इसवी सालात दोनदा रमजान सुरू होण्याचा हिशेब आहे. ईद सरकते, पाऊस मात्र आपल्या जागी राहतो. तेव्हा गेल्या वर्षीची ईदची यादी पुढे करून तोच माल मागवणे बरोबर नाही. हिवाळ्याकडे सरकणाऱ्या ईदला जाड कापड, शाल, गरम सूट यांची मागणी वाढणार. शेतकऱ्याच्या हाती तेव्हा सोयाबीनचा पैसा आलेला असेल, हीदेखील जमेची बाजू आहे. पण तो पैसा येईल की नाही, हे पुन्हा पावसावरच ठरणार.

आणि पाऊस बदलतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनी 2017 साली दाखवून दिले की, 1950 पासून मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आहेत. अरबी समुद्र तापत आहे आणि त्यातील वादळेही वाढली आहेत. 2020 साली ‘निसर्ग’ने रायगडचा किनारा झोडपला, 2021 साली ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेले. 2025 साली मोसम 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला, इतका लवकर तो कित्येक दशकांत आला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात इतका पाऊस झाला की काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. म्हणजे 2015 साली पाऊस नाही म्हणून वसुली बुडाली आणि 2025 साली पाऊस जास्त झाला म्हणून बुडाली. गिऱ्हाइकाची नियत खराब झाली, असे दोन्ही वेळा बाजारात बोलले गेले. हे बोलणे अन्यायाचे आहे. ज्याचे शेत वाहून गेले, तो साडीचे पैसे कोठून देणार?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक दुकानात खतावणीशेजारी पावसाची एक वही असावी. महसूल मंडळानिहाय पावसाचे आकडे आता रोज मिळतात. आपली उधारी ज्या गावांत आहे, त्या मंडळांचे आकडे लिहून ठेवावेत. चार-पाच वर्षांत ही वही कोणत्याही दलालापेक्षा खरी बोलेल. दुसरी, मोसमाचा माल एकदम भरू नये. एक तृतीयांश जूनमध्ये, एक तृतीयांश पोळ्याच्या सुमारास, आणि उरलेला सोयाबीनची काढणी पाहून. वाहतूक थोडी महाग पडेल, पण भांडवल अडकणार नाही. तिसरी, ज्या मंडळात अतिवृष्टी किंवा दुष्काळ झाला, तेथील उधारीची मुदत दुकानदारांनी आपसांत ठरवून पुढे ढकलावी. एकट्याने सूट दिली तर तो मार खातो, सर्वांनी मिळून दिली तर गिऱ्हाईक टिकते.

शेतकरी, शिंपी, पिंजारी आणि कापडवाला यांची चूल एकाच पावसावर पेटते. पाऊस आपल्या हातात नाही. त्याचा हिशेब ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. येत्या मृगापासून ती वही सुरू करावी, एवढीच व्यापारी बांधवांना विनंती.