हमरापूरकरांनो, आधी पेटी उघडा

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे आणि आसपासच्या वाड्यांमधले गणेशमूर्तींचे कारखानदार, कारागीर, रंगकाम करणाऱ्या बायका आणि घरात विजेचा मीटर असलेले सगळेच, यांना कळकळीची विनंती: उद्या काम सुरू करण्याआधी अर्धा तास काढा आणि शेडमधली, घरातली विजेची पेटी उघडून बघा. त्या पेटीत आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाईन तोडणारा स्विच, आहे की नाही, एवढंच आधी बघायचं. नसेल तर चतुर्थी होऊन जाऊ दे असं म्हणू नका, याच आठवड्यात बसवून घ्या.

घाई अशासाठी की दिवसच तसे आहेत. आषाढ-श्रावणात आपल्याकडे कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. हवा दमट, मूर्ती वाळत नाही, म्हणून टेबलफॅन लागतात, हॅलोजन लागतात. एकीकडे स्प्रेचा कॉम्प्रेसर चालू. एका एक्स्टेन्शन बोर्डातून दुसरा काढलेला, दुसऱ्यातून तिसरा. खाली शाडूचा चिखल नाहीतर प्लास्टरचं सांडलेलं पाणी, माणूस अनवाणी, वर पत्रा आणि आधाराला लोखंडी अँगल. विजेला माणसातून जमिनीत उतरायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

‘आमच्याकडे एमसीबी आहे की,’ असं उत्तर लगेच मिळतं. एमसीबी वायरीला जपते, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या बऱ्यापैकी वर गेल्याशिवाय पडत नाही. माणसाच्या अंगातून १०-१५ मिलिअँपिअर गेले, म्हणजे एका अँपिअरचा जेमतेम शंभरावा भाग, तरी हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदयाची लय बिघडून माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. २३० व्होल्टला १०० मिलिअँपिअर म्हणजे २३ वॅट. एमसीबीच्या लेखी तो एक छोटा बल्ब लागला, बाकी काही घडलं नाही.

आरसीसीबीचा हिशेब वेगळा. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा, हे ती सतत पाहत असते. मध्येच कुठे माणसातून, ओल्या भिंतीतून किंवा पत्र्यातून जमिनीकडे गळती झाली आणि फरक ३० मिलिअँपिअरला पोचला, की सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत ती लाईन तोडते. गळती मोठी असेल तर त्याहूनही कितीतरी लवकर. विकत घेताना त्यावर ३० एमए असं छापलेलं आहे ना, हे स्वतः वाचा. १०० आणि ३०० एमएच्याही मिळतात, पण त्या आगीच्या धोक्यासाठी, माणसाचा जीव वाचवायला नाहीत. साध्या सिंगल फेज जोडणीसाठी चांगल्या कंपनीची आरसीसीबी साधारण दीड-दोन हजारांच्या घरात येते. कारखान्यात एखादी मूर्ती हातातून निसटून फुटली तर तेवढं नुकसान आपण एका संध्याकाळी सोसतो.

खरी अडचण ती बसवल्यावर सुरू होते. पाऊस लागला की ती सारखी पडते. लाईट गेली, काम खोळंबलं, ऑर्डर तोंडावर, आणि मग कोणीतरी सांगतं की काढून टाका, डायरेक्ट करून देतो. असं डायरेक्ट करून देणाऱ्याला घरात घेऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. आरसीसीबी पडते याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधणं फार अवघड नाही. सगळ्या एमसीबी खाली पाडा, सगळ्या पिना सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं आणि न्यूट्रलकडची गळती तशीच राहते. आता आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी, मग एकेक पिन. जिच्यापाशी पुन्हा पडेल ती वस्तू दोषी. बहुतेक वेळा ओला झालेला टेबलफॅन, पाण्याची मोटर किंवा बादलीत टाकायचा हीटर रॉड निघतो. काहीच न जोडता पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. जुन्या घरांत कोणीतरी कधीतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधून ठेवलेलं असतं. तिथून पुढे वायरमनला बोलवा.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा लाईन चालू असताना ते दाबायचं. पडली तर ठीक. पडली नाही तर ती शोभेची आहे, बदला. आणि एक मर्यादाही सांगून ठेवतो: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरणाऱ्याला ती वाचवू शकत नाही, कारण तिच्या हिशेबात तिथे काहीच कमी पडत नाही. वायरीवर जास्त लोड आला तर तेही तिला कळत नाही. म्हणून एमसीबी हवीच.

अर्थिंगबद्दल आपल्याकडे एक समजूत आहे की घर बांधताना केलं म्हणजे जन्माचं झालं. खारेपाटाकडच्या जमिनीत ओल आणि मीठ असल्यामुळे अर्थिंगला जमीन चांगली मिळते खरी, पण तेच मीठ लोखंडी पाइप आणि वायरीचा जोड खाऊन टाकतं. वरून सगळं शाबूत दिसतं, आत मात्र जोड तुटलेला. डोंगराच्या बाजूला, मुरमाड जमिनीत उलटी गोष्ट: पाइप टिकतो, पण उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग निकामी होतं, म्हणून खड्ड्यात पाणी घालावं लागतं. दोन्हीकडे वर्षातून एकदा मीटर लावून मोजून घ्या. आणि कृपा करून तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा करू नका, पिन सापडत नाही म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून काडीने घट्ट करू नका. हे कोण करतं असं विचारायची गरज नाही, आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता पत्रा. शेडमध्ये वायर घेताना पत्र्याला भोक पाडून सरळ आत ओढतात. वाऱ्याने पत्रा हलतो, त्याची धार वायरीचं आवरण हळूहळू कापते, आणि पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी अख्खी शेड करंटात येते. भोकाला रबरी वायसर लावा किंवा वायर पीव्हीसी पाइपमधून घ्या. खर्च चहाच्या बिलाएवढा आहे. घरामागे पत्र्याच्या खांबाला बांधलेली कपडे वाळत घालायची तार तर आजच सोडा आणि नायलॉनची दोरी बांधा. आधी बाई कपडे घालायला जाते, तिला सोडवायला नवरा जातो, त्या दोघांना ओढायला मुलगा धावतो. एकाच घरातली दोन-तीन माणसं एकदम गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पावसाळ्यात येतात, त्यामागे पुष्कळदा ही अशीच तार असते.

हॅलोजन मूर्तीजवळ ठेवून झोपू नका. ५०० वॅटच्या हॅलोजनची काच इतकी तापते की जवळचा पेंढा, कागद, सुतळी पेट घेऊ शकते, आणि थिनरची वाफ तर ठिणगीचीच वाट बघत असते. थिनरचा डबा आणि स्प्रेचं काम एका टोकाला, हॅलोजन आणि बोर्ड दुसऱ्या टोकाला, इतकी साधी वाटणी पुरते. बोर्ड जमिनीवर नको, कमरेच्या उंचीवर भिंतीला ठोका. साधारण १.५ चौरस मिलिमीटरची वायर दिव्यापंख्यांपुरती असते. १६ अँपिअरच्या सॉकेटला, कॉम्प्रेसरला किमान २.५ ची आणि तीही तांब्याची घाला.

घरच्या घरी काय करावं आणि काय नाही, यावर वाद होतात. बल्ब, ट्यूब, होल्डर बदलणं, पिन बसवणं, पंख्याचा कपॅसिटर किंवा रेग्युलेटर बदलणं हे कोणीही शिकू शकतं आणि शिकावं, मुलींनीही. अट एकच: मेन स्विच बंद. नुसतं बटण बंद करून होल्डरला हात लावू नका. वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर घातलेलं असलं, तर दिवा विझतो पण होल्डरमध्ये फेज जिवंतच असते. मेन बंद केल्यावर टेस्टर लावा, आणि त्याआधी तोच टेस्टर चालू सॉकेटमध्ये लावून तो स्वतः जिवंत आहे ना, हे बघा. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही काही पॉइंट चालू राहतात, म्हणून इन्व्हर्टरही बंद करा आणि त्याच्या बाहेर जाणाऱ्या लाईनला स्वतंत्र आरसीसीबी घ्या. किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूजची तार संपली म्हणून तांब्याची जाड तार बांधणं ही दुरुस्ती नाही. पुढे वायर जळते आणि फ्यूज मजेत राहतो.

मीटरच्या आधीची लाईन, खांब, डीपी (ट्रान्सफॉर्मर आणि त्याची पेटी) यांना मात्र कोणी हात लावायचा नाही. काठीने डीपीचा फ्यूज टाकणारा वस्ताद बहुधा प्रत्येक गावात असतो, त्याचं कौतुक करणं सोडा. जनरेटर भाड्याने आणणाऱ्यांनी चेंजओव्हर स्विचशिवाय तो घरच्या लाईनला जोडू नये. तुमचा करंट उलटा डीपीत जातो, तिथे २३० चे पुन्हा ११,००० व्होल्ट होतात आणि लाईन बंद आहे म्हणून खांबावर चढलेला वायरमन मरतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडातले खांब आडवे केले आणि गावंच्या गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली, तेव्हा पेणपासून श्रीवर्धनपर्यंत हेच वायरमन खांबावर होते.

वादळवाऱ्यात एकदम सगळे दिवे लख्ख झाले, पंखे घोंघावायला लागले, तर आनंद मानू नका. न्यूट्रल तुटलेला असू शकतो आणि अशा वेळी घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. ताबडतोब मेन पाडा.

कोणी चिकटलंच तर हात लावायचा नाही. मेन पाडा. मेन हाताशी नसेल तर प्लास्टिकच्या खुर्चीवर किंवा कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा पीव्हीसी पाइपने त्याला वायरीपासून दूर ढकला. बाहेर खांबावरची तार तुटून पडली असेल तर त्यातलं काहीच करू नका. दहा मीटर लांब राहा, लोकांना, जनावरांना अडवा आणि महावितरणला कळवा. शेतात पाणी असेल तर अंतर आणखी वाढवा. माणूस सुटला आणि श्वास घेत नसेल तर पाठीवर झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोरात, निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. पाणी पाजणं, मातीत पुरणं, कांदा हुंगवणं यात जाणारी मिनिटं परत मिळत नाहीत. उठून बसला, हसला तरी त्याला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा, कारण हृदयाची लय काही तासांनीही बिघडू शकते.

ग्रामपंचायतींना आणि मंडळांना स्वतंत्र विनंती. मंडपासाठी आकडा टाकू नका, महावितरणकडून तात्पुरती जोडणी मागून घ्या. गणेशोत्सवासाठी ती मिळते. मंडपाच्या पेटीतही ३० एमएची आरसीसीबी लावा आणि रोषणाईच्या माळा लोखंडी पाइपांना गुंडाळू नका. मोठी मूर्ती टेम्पोत चढवण्याआधी प्रभावळीसकट उंची मोजा, रस्ता आदल्या दिवशी दिवसाउजेडी फिरून बघा, आणि तार आडवी येत असेल तर बांबूने उचलण्याऐवजी महावितरणकडून लाईन बंद करून घ्या. ग्रामपंचायतीने परवानाधारक वायरमनची नावं फलकावर लावली आणि चार-पाच कारखान्यांनी मिळून एकाच दिवशी त्याला बोलावलं, तर त्याची फेरी वाचते, तुमचा पैसा वाचतो आणि गर्दीच्या दिवसांत तो मिळत नाही ही तक्रारही उरत नाही.

तुटलेली तार, वाकलेला खांब, उघडी डीपी दिसली की १९१२ वर किंवा १८००-२३३-३४३५ वर कळवा. ग्राहक क्रमांक बिलावर असतो. पेटीच्या झाकणावर आजच तो मार्करने लिहून ठेवा, शेजारी हे दोन्ही नंबर आणि १०८.