प्लास्टर सुटलं, पण पाय?

उजव्या पायाचं ऑपरेशन, मग सहा आठवडे प्लास्टर आणि एकच स्वप्न: हे निघालं की थेट बाइकला किक! धुळ्याला डॉक्टरांनी करवत काढली तेव्हा मात्र डोळे गच्च मिटले. खरं तर ही करवत गरगर फिरत नाही, नुसती थरथरते. म्हणून कडक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी वाचते. होमर स्ट्रायकर या अमेरिकन डॉक्टरनं १९४०च्या दशकात ती काढली. त्याचं भलं होवो!

आतून निघाली पार काडी झालेली पोटरी आणि गंजक्या बिजागरीसारखा घोटा. फिजिओ मॅडमनी होमवर्क दिला. अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवायची, बोटांनी टॉवेल गोळा करायचा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. (आई म्हणाली, "पुन्हा पहिलीत बसलास!") सूज वगैरे ठीक, पण टाच टेकवायची हिंमतच होईना. "हाड तयार आहे, तू कधी होणार?" इति मॅडम.

नोकरी जळगावात, बाइक बंद, म्हणजे एसटी. स्टँडवर गेलो तर ती पहिली पायरी... एवढी उंच कधीपासून झाली? मागून एक काका म्हणाले, "दम खा भो, गाडी पळून नाही जात." कंडक्टरनंही डबल बेल रोखून धरली. दांडा धरला, चढलो.

जळगावला उतरताना मात्र घोळ. कुठला पाय आधी, तेच आठवेना! मागची गर्दी ढकलत होती. गडबडीत दुखराच खाली गेला. पूर्ण टाच टेकवून.