तिजोरी राखणं हीसुद्धा सेवाच

सरकारनं काढलेल्या कर्जाची किंमत वऱ्हाडानं एकदा मोजलेली आहे. इंग्रजांनी निजामाच्या गळ्यात बांधलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च हैदराबादच्या खजिन्याला झेपेना. थकबाकी चढत गेली आणि १८५३च्या तहानं निजामाचं वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं. पुढं १९०२मध्ये लॉर्ड कर्झननं हाच प्रांत वर्षाला २५ लाख रुपये खंडानं कायमचा घेतला. काळ्या जमिनीत कपाशी पिकवणाऱ्या कुणब्याला ना फौज हवी का विचारलं होतं, ना कर्ज काढू का. कर्ज दरबारानं केलं, फेडलं शेतसाऱ्यानं. याच वऱ्हाडातल्या गुरुकुंज मोझरीत राहून राज्याच्या अर्थसंकल्पाच्या बातम्या वाचताना मला हा इतिहास हटकून आठवतो.

अर्थमंत्री कसा असावा, असं कुणी विचारलं तर मी चिंतामणराव देशमुखांचं नाव घेतो. रायगडाजवळच्या नाते गावचा हा माणूस, पण त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षं गेली मध्यप्रांत-वऱ्हाडात. तिथं ते अर्थखात्याचे सचिव होते. १९४३मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री.

त्यांच्या वाट्याला आलेला काळ बिकट होता. फाळणीचे घाव ताजे होते, महागाई होती, धान्य बाहेरून आणावं लागत होतं. तरीही पहिल्या पंचवार्षिक योजनेसाठी २,०६९ कोटी रुपयांचा आराखडा मांडला गेला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पाटबंधारे व विजेला मिळाला. म्हणजे देशमुखांची काटकसर हात आखडण्याची नव्हती. खर्च झाला, पण मागं धरणं आणि कालवे उरले. योजना संपली तेव्हा बाजारातले भाव ती सुरू झाली त्या वेळेपेक्षा खाली होते. त्यांच्याच कारकिर्दीत इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विमा सरकारच्या हाती आला.

लोकसेवेबद्दल त्यांना काय वाटत होतं, ते त्यांच्या राजीनाम्यातून कळतं. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचा घाट घातला गेला, आंदोलकांवरच्या गोळीबारात माणसं मेली, आणि त्याची न्यायालयीन चौकशी होत नाही हे पाहून त्यांनी १९५६मध्ये पद सोडलं. मंत्रिमंडळाला डावलून निर्णय झाला, हे त्यांनी पंतप्रधानांच्या तोंडावर लोकसभेत सांगितलं. ज्याला खुर्ची सोडता येते, त्यालाच मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं. अर्थमंत्र्याचं निम्मं काम तर ‘नाही’ म्हणण्याचंच आहे.

महाराष्ट्रावरचं कर्ज २०२५-२६च्या अंदाजपत्रकानुसार ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाणार होतं. कर्ज काढणं हा गुन्हा नाही. प्रश्न आहे तो त्यातून मागं काय उरतं हा. आमच्याकडचंच बघा. विकासात मागं राहिलेल्या विदर्भाच्या अनुशेषाचं मोजमाप दांडेकर समितीनं १९८४मध्ये केलं. त्यानंतर वैधानिक विकास मंडळ आलं, केळकर समिती आली, आणि अमरावती विभागातला सिंचनाचा अनुशेष वर्षानुवर्षं चर्चेत राहिला. कोरडवाहू कपाशीवाल्या शेतकऱ्याला पाणी मिळावं म्हणून काढलेलं कर्ज त्याची पोरं आनंदानं फेडतील. पण जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज निघत असेल, तर त्यांच्यावर आपण अन्याय करतो आहोत. ती पोरं आज मतदार नाहीत, म्हणून त्यांची बाजू सांभाळणं हे अर्थमंत्र्याचं पहिलं कर्तव्य ठरतं.

लोकांचा पैसा जपण्याची ही शिकवण आमच्या मातीला नवी नाही. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः खापरात भाकर खाल्ली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५मध्ये इथं मोझरीला आश्रम काढला आणि १९५५मध्ये ग्रामगीता लिहिली. गावाचा कारभार हा त्यांच्या लेखी भक्तीचाच भाग होता. आश्विनात पुण्यतिथीला इथं लाखोंचा समुदाय जमतो आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन पाळतो. महाराजांवर इतकी श्रद्धा असलेल्या माणसांनी गावाच्या आणि राज्याच्या पैशाबद्दल बेफिकीर राहणं मला पटत नाही.

अर्थमंत्री शहाणा हवा असेल, तर नागरिकानं आधी हिशेब मागायला शिकलं पाहिजे. कायद्यानं वर्षात निदान चार ग्रामसभा भरवाव्या लागतात. पुढच्या ग्रामसभेला घरातल्या बायकांसह जा. जमाखर्चाचं वाचन होईपर्यंत उठू नका. किती आले, कशावर गेले, मागं काय उरलं, हे तीन प्रश्न विचारा. आणि निवडणुकीत कुणी काही फुकट द्यायला आला, तर ते कुणाच्या पैशातून देणार, हा चौथा प्रश्न त्याला जरूर विचारा.