दोन सेकंदांचा दंड

दर हिवाळ्यात आपल्या शाळेची सहल महेश्वरला जाते. अहिल्यादेवींचा वाडा, घाट, मंदिरे, विणकरांचे माग सारे दाखवून होते. नंतर नावेत बसायचे की नाही यावर शिक्षकांची चर्चा होते आणि बहुधा नाहीच ठरते. सहस्रधारेला तर आपण लांबूनच नमस्कार करतो. नर्मदा तेथे खडकांतून असंख्य धारांनी फुटून वाहते. सहस्रार्जुनाची कथा सांगायची, दोन छायाचित्रे काढायची आणि बसमध्ये बसायचे, असा आपला शिरस्ता.

याच धारांत २०२३ साली ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांतील कॅनू स्लॅलमच्या शर्यती झाल्या. आपल्या वरच्या वर्गांच्या वयाची मुले-मुली देशभरातून येऊन त्या पाण्यात उतरली. इंदूरहून महेश्वर दोन-अडीच तासांचे. तरी आपल्यापैकी कोणी पाहायला गेले नाही. आम्हीही गेलो नाही, हे आधीच कबूल करतो.

खेळ असा. खळाळत्या प्रवाहावर तारेने टांगलेल्या काठ्यांची अठरा ते पंचवीस फाटके असतात. हिरव्या-पांढऱ्या फाटकांतून प्रवाहाबरोबर जायचे. लाल-पांढरी निदान सहा असतात, त्यांतून प्रवाहाच्या उलट वर चढायचे. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कॅनूत गुडघे टेकून एकाच पात्याने वल्हवायचे. सारा मामला दीड-पावणेदोन मिनिटांचा. काठीला वल्हे, होडी किंवा अंग नुसते लागले तरी वेळेत दोन सेकंद वाढतात. फाटक चुकले तर पन्नास. फाटके एकदा मांडली की स्पर्धकाला त्या मांडणीवर सराव करता येत नाही. काठावरून चालत पाण्याचा वळसा, भोवरा, खडकामागचे शांत पाणी डोळ्यांत साठवायचे आणि मग थेट शर्यतीतच उतरायचे.

या खेळाची विश्वचषक मालिका १९८८ पासून चालते. २०२४ चा हंगाम जर्मनीतील आउग्सबुर्गला सुरू झाला. तेथील पाट १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी बांधलेला. हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथम आला तो तिथेच. पुढच्या आठवड्यात प्राग, मग पोलंडमधील क्राकूव्ह. मध्ये पॅरिसचे ऑलिंपिक, आणि सप्टेंबरात इटलीतील इव्हरेआ व स्पेनमधील ला सेऊ द उर्जेल. पाणी दर ठिकाणी वेगळे, म्हणून अभ्यासही दर ठिकाणी नव्याने करावा लागतो.

आमच्या मनात राहिली ती मात्र २०२१ साली टोकियोत झालेली महिलांची कयाक शर्यत. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स पाण्यावर सर्वांत वेगवान होती. दोन काठ्यांना स्पर्श झाला, चार सेकंद वाढले आणि सुवर्णपदक जर्मनीच्या रिकार्डा फुंककडे गेले. फॉक्सची दंडासह वेळ १०६.७३ सेकंद, फुंकची १०५.५०. वजाबाकी ज्याची त्याने करावी. दोन दिवसांनी महिलांच्या कॅनू शर्यतीत फॉक्सने सुवर्ण मिळवले. मुलींसाठी हा प्रकार ऑलिंपिकमध्ये तेव्हाच प्रथम आला होता. पुढे पॅरिसला तिने कयाक आणि कॅनू दोन्ही शर्यती जिंकल्या. तिची आई मिरियम हिने १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्ससाठी कयाकचे कांस्यपदक मिळवलेले, आणि मुलीची प्रशिक्षकही तीच. आपल्याकडे आई मुलीला पाण्यापासून मागे ओढते.

हे टोचून बोलणे नाही. गेल्या सहलीआधी काही पालकांनी शाळेला चिठ्ठ्या दिल्या होत्या, ‘मुलांना पाण्याजवळ नेऊ नये’. त्यामागची काळजी आम्हाला समजते. दर पावसाळ्यात आसपासच्या धबधब्यांवर कोणा ना कोणाची मुले वाहून गेल्याची बातमी येते, आणि ती वाचली की आपलाही जीव खाली-वर होतो. परंतु त्या बातम्यांत शिरस्त्राण, तरंगते जाकीट, काठावर दोर घेऊन उभा असलेला माणूस यांचा उल्लेख आमच्या वाचनात कधी आला नाही. स्लॅलममध्ये या गोष्टींवाचून कोणी पाण्यात उतरत नाही. उलटलेली होडी आत बसल्याबसल्या सरळ कशी करायची हे तर आधीच शिकवतात. ज्या खेळात काठीला नुसता धक्का लागला तरी दंड होतो, त्याला बेफाम मुलांचा खेळ कसे म्हणावे?

आपल्या आजोबांच्या पिढीला पाठीला डबा बांधून विहिरीत सोडत आणि आठवडाभरात पोरगे तरंगू लागे. ती रीत आज कोणी सुचवणार नाही. पण डबा गेला, विहीर गेली, आणि बरोबर पोहणेही गेले. आठवीतील मुलांना वर्गात विचारले तेव्हा पोहता येणाऱ्यांचे हात एका बाकावर मावतील इतकेच वर आले. त्यात मुलगी एकच होती. तिलाही मामाने शिकवले, आजोळी.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमचे मागणे होड्यांचे नाही. होड्या महाग असतात आणि शाळेच्या छपराचे काम अजून बाकी आहे, हे ठाऊक आहे. सातवी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला व मुलीला पोहता आले पाहिजे, एवढा ठराव करावा. जवळच्या तरणतलावाशी सकाळच्या एका तासाचे बोलणे करावे, मुलींसाठी शिक्षिका असावी, आणि ज्यांना शुल्क जड जाईल त्यांचा भार माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून उचलावा. यंदाच्या सहलीत सहस्रधारेसाठी अर्धा दिवस ठेवावा. कोणाला पाण्यात उतरवायचे नाही. काठावर बसवून कोणती धार कुठे वळते, खडकामागे पाणी शांत का होते, एवढे मुलांना वहीत काढू द्यावे. चिठ्ठ्या देणाऱ्या पालकांनीही बरोबर यावे. बसमध्ये मागच्या दोन बाकांची जागा आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवतो.